कड्यातलं नारिंगी

बोट्सफियोर, नॉर्वे
९ मे १९९३

बायनिरकाका,

म्हणजे पुन्हा तेच! तीनशेची नको, चारशेची नको, पाचशेच्या खाली एक मिलिमीटर चालणार नाही, आणि किंमत मात्र होग्नीच्या खिशाला परवडेल अशी. मासळीच्या लिलावात असं बोललात तर लोक तुम्हालाच खोक्यात घालून वर बर्फ टाकतील. गेल्या पत्रात मी एवढा चांगला सौदा कळवला होता. वाड्सोच्या दुकानातली वापरलेली तीनशेची लेन्स, काच स्वच्छ, आत बुरशीचा एक ठिपका नाही, नऊशे क्रोनर. त्यावर तुमचं उत्तर काय? "तेवढ्याने माझं भागत नाही." बस. कसा आहेस नाही, जेवतोस का नाही.

आता माझं ऐका. परवा ट्रकवाल्याबरोबर पुन्हा वाड्सोला गेलो. त्याच दुकानाच्या खिडकीत सहाशेची जपानी लेन्स उभी आहे, माझ्या मांडीएवढी जाड. खाली चिठ्ठी: अकरा हजार चारशे. मालक म्हणाला, "आत येऊन बघ की." मी म्हटलं, "नको, बघायचेही पैसे लागतील." तेवढ्या पैशात इथे माणूस बोटीत वाटा घेतो. माझ्याकडे या कामासाठी नऊशे आहेत. एक हजारही नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी? तर लुंडी पक्ष्याच्या चोचीत कोणता मासा आहे हे तोर्शाव्हनच्या संग्रहालयवाल्याला फोटोत दिसायला हवं म्हणून. जन्मभर जाळं फिरवून लुंडी पकडल्या, खाल्ल्या, आणि आता त्यांच्या जेवणाची काळजी! बाबा असते तर पोट धरून हसले असते.

फोन करून भांडलो असतो, पण बोटीच्या इंजिनाने तुमचे कान खाल्लेत, आणि बाबा गेले त्या ऑगस्टपासून आई फोन उचलतच नाही. ती कशी आहे, ते तरी लिहा.

होग्नी

*

२१ मे १९९३

होग्नी, बाळा,

भांडण पोचलं. ताजं होतं, वाटेत नासलं नाही.

कसा आहेस? जेवतोस का? झालं समाधान?

आता कामाचं. तू तीनशेची लेन्स दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीवर धरून बघितली असशील. माझ्यासमोर आहे ती पाटी नाही. हात लांब कर आणि अंगठ्याचं नख बघ. त्या नखावर मिठाचा एक खडा ठेव. माझ्या कॅमेऱ्यात तीनशेने तेवढं दिसतं. मला त्या खड्याला डोळा आहे की नाही हे बघायचं आहे.

जपानी लेन्सचं स्वप्न मलाही पडत नाही, घाबरू नकोस. तुझ्या बंदरात रशियन बोटी येतात म्हणतोस ना? त्यांच्याकडे आरशाची लेन्स असते. आत भिंगांऐवजी आरसे, त्यामुळे नळी आखूड आणि हलकी, पण पल्ला हजारापर्यंत. तिचे आटे माझ्या जुन्या जर्मन कॅमेऱ्याला बसतात. लोक नाकं मुरडतात, कारण ती अंधारी असते. मी जन्मभर धुक्यात काढलं आहे, मला अंधाराचं काय.

फक्त उशीर करू नकोस. जुलैअखेरच्या ओलाफच्या सणाआधी मला चित्र हवं आहे.

वहिनी खिडकीत बसते. थोडं खाते. तुझं नाव काढते. उन्हाळ्यात इकडे यायची घाई मात्र करू नकोस, इथे करण्यासारखं काही नाही.

तुझा काका

*

२ जून १९९३

काका,

खोकं उघडताना मोजे फेकू नका, ते माझे आहेत आणि परत हवे आहेत. मोज्यांच्या आत जे आहे त्याची गोष्ट ही अशी.

मंगळवारी धक्क्याला एक गंजकी रशियन ट्रॉलर लागली. अर्काडी नावाचा इंजिनवाला खाली आला. ओव्हरकोटात हात घालून एकेक वस्तू काढतो: दुर्बीण, घड्याळ, पितळी समोवार. मी दोन बोटांची नळी करून डोळ्याला लावली, पंख हलवले. त्याला वाटलं मला दारू पाहिजे. मग कळल्यावर इतका हसला, की आमच्या मासळी कारखान्याचा मुकादम बाहेर आला. बोटीवरून त्याने ही आणली. बुटकी, लठ्ठ, पत्र्याच्या डब्यासारखी. त्याची स्वतःची आहे. मुरमान्स्कजवळ घुबडांचे फोटो काढायचा.

मी म्हटलं, "सहाशे." तो म्हणाला, "बाराशे." शेवटी आठशेवर आला, वर दोन किलो कॉफी आणि माझी निळी जीन्स. सौदा होईपर्यंत मी धक्क्यावर चड्डीत उभा होतो. पैशांची अशी घासाघीस तुमच्या संग्रहालयवाल्याने कधी केली नसेल.

लावून बघितली. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला छपरावर कुरव बसला होता. त्याच्या चोचीवरचा लाल ठिपका दिसला, काका! ठिपक्याच्या कडेला चिकटलेला खवलासुद्धा.

पण खोट सांगतो. हिचं तोंड बारीक-मोठं करता येत नाही. उजेड कमी पडला की फोटो हलणार. आणि हजाराची असल्यामुळे तुमचा श्वाससुद्धा तिच्यात दिसतो. तिवई पक्की हवी.

इथे माझं मन लागत नाही. साठवलेल्या पैशात वाटा घेऊन सॅन्डरच्या बोटीवर जावं म्हणतो. बघू.

होग्नी

*

२८ जून १९९३

होग्नी,

मोजे धुऊन ठेवलेत. भोकं तुझी तू शिव.

लेन्स बसली. तू चड्डीत उभा राहिलास याचं पुण्य लागो. पहिली फिल्म तोर्शाव्हनहून धुऊन आली, आणि ती धड नाही. सगळं हललेलं. पाण्यावरचा चमचमाट जिथे जिथे आला, तिथे बांगडीसारखी पांढरी वर्तुळं उमटली आहेत. आरशाच्या लेन्सचा तो गुणच आहे म्हणतात. नेवाच्या भूशिरावर वारा एका बाजूने येतो आणि तिवईच्या पायांत शिरून ती थरथरवतो. मी तिला मिठी मारून बसलो तर माझंच हृदय तिच्यात धडधडतं.

फोटो मी लपवायला हवे होते. वहिनीच्या हाती पडले. धुरकट फोटोत माणसाला जे बघायचं तेच दिसतं, आणि तिला दिसलं. त्या दिवसापासून ती खिडकीतून उठलेली नाही.

तुझ्या त्या अर्काडीला विचार, ही बया स्थिर कशी करायची. लवकर विचार.

बायनिरकाका

*

९ जुलै १९९३

काका,

अर्काडीची बोट परत आली होती. तो म्हणतो: तिवईच्या मध्ये पिशवी टांगा आणि तिच्यात दगड भरा. बटण बोटाने दाबू नका, तार लावून दाबा. घरातून नेल्यावर लेन्स तासभर बाहेर तशीच ठेवा. आतले आरसे गरम असले, तर फोटो वितळल्यासारखा येतो. आणि वारा पडलेल्या, ढगाळ दिवशीच काढा, म्हणजे त्या बांगड्याही येणार नाहीत.

हे झालं लेन्सचं. आता माझं.

तुमचं पत्र मी खिशात घेऊन तीन दिवस कॉडची डोकी कापली. काहीतरी टोचत होतं, कळत नव्हतं काय. मग कळलं. नेवावरून लुंडी दिसत नाहीत, काका. लुंडी पश्चिमेच्या गवतात. नेव पूर्वेला. मी त्या बेटावर जन्मलो आहे, मला कुणी नकाशा दाखवायला नको. नेवावर तिवई लावली की समोर एकच गोष्ट येते: बाबा जिथून गेले तो कडा, आणि त्याखालची कपार.

तुम्ही काय बघताय तिकडे? आईला त्या फोटोत काय दिसलं?

आणि "धुक्यात जन्म काढला" वगैरे सुरू करू नका. सरळ लिहा.

होग्नी

*

१९ जुलै १९९३

होग्नी,

तू शाळेत भूगोलात नापास झालास म्हणून मी निर्धास्त होतो. चुकलं माझं.

सरळ लिहितो. फेब्रुवारीत कड्याचा मोठा तुकडा सुटून पडला. त्यानंतर मार्चमध्ये तुझ्या आईला खिडकीतून, तुझ्या बाबांच्या दुर्बिणीने, कपारीच्या आतल्या कोपऱ्यात काहीतरी नारिंगी दिसलं. त्या दिवशी हानुसने, तुझ्या बापाने, नारिंगी ऑइलस्किनचा कोट घातला होता, आणि त्याचं प्रेत कधी सापडलं नाही. नारिंगीच्या शेजारी काहीतरी काळं आहे. कधी थोडं हलतं. ती म्हणते, वाऱ्याने त्याची बाही हलते. म्हणते, दरड पडली आणि तो उघडा पडला. चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड ती अजून बसवू देत नाही. माणूस तिथे दिसत असताना इथे दगड कसा लावायचा, म्हणते.

मी ट्रॉन्दुरला आणि दोर धरणाऱ्या बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनी पाहिलं. पक्ष्यांचं असतं तर आम्हाला कळलं असतं. त्या बाजूला, एवढ्या उंचावर, कुणी घरटं करत नाही. माझ्या आजोबांच्या काळापासून नाही. तेव्हा ते काय आहे, कुणालाच सांगता येत नाही.

आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. बाप कड्यात असेल, तर आणायला पहिला दोर मुलाच्या कमरेला. वहिनी तेव्हाच तुला बोलवायला निघाली होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, मला सणापर्यंत वेळ दे, मी लांबून बघून सांगतो. म्हणून तुझ्यामागे लेन्सची भुणभुण लावली. तो कडा आता कुजला आहे, होग्नी. भाकरीसारखा हातात येतो. गेल्या ऑगस्टला तू काठावर पालथा पडून ओरडत होतास, ते मी माझ्या बहिऱ्या कानांनी ऐकलं आहे. तुला मी त्या दोरावर जाऊ देणार नाही.

आज वारा पडला होता. ढग खाली. पिशवीत दगड, तार, तासभर थंड केलेली लेन्स, सगळं तुझ्या रशियनाने सांगितलं तसं. पहिल्यांदाच ती बया दगडासारखी उभी राहिली. उरलेली फिल्म संपवली. माझ्या डोळ्यांना काचेतून नीट दिसत नाही, मोतीबिंदू आहे, पण फिल्मला मोतीबिंदू नसतो. आजच्या बोटीने ती तोर्शाव्हनला गेली. फोटोवाला सणाच्या सुट्टीवर जातोय, दहा ऑगस्टनंतर परत पाठवेल.

तोपर्यंत तू काही करायचं नाहीस. दहा ऑगस्ट. तेवढं माझ्यासाठी थांब.

काका

*

२८ जुलै १९९३

काका,

मी थांबत नाही. काम सोडलं. मुकादमाने शिव्या दिल्या, मी त्याला दिल्या, हिशेब मिटला. बर्गेनहून पुढच्या गुरुवारची बोट धरतो, शनिवारी, सात तारखेला, घरी.

बाबा माझे होते. दोर माझा आहे. तुमचं वय एकसष्ट आहे आणि डोळ्यात मोतीबिंदू. मी काठावर ओरडलो, ते मला रोज ऐकू येतं. एकदा खाली जाऊन यायलाच हवं मला, नाहीतर ते थांबणार नाही.

फोटो आला तर आला. नाही आला तर रविवारी वारा बघून उतरतो. ट्रॉन्दुरला सांगून ठेवा, आणि नवा दोर काढून भिजवून ठेवा. मोजे लागतील.

होग्नी

*

२९ ऑगस्ट १९९३

होग्नी,

मी वर्षभर पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर समजून घे.

तू आलास, चार दिवस राहिलास, आणि आपण दोघं "जेवायला ये" आणि "नको" एवढंच बोललो. काकाला पुरलं त्या दिवशी तू मला काही विचारलं नाहीस. ट्रॉन्दुरने तुला दरड कशी आली ते सांगितलं असेल. बाकीचं मी सांगायला हवं.

सोमवारी टपालाची बोट आली. तुझं पत्र त्याने दारातच वाचलं, दोनदा. दुमडून खिशात घातलं. मी विचारलं, "काय म्हणतो होग्नी?" तो म्हणाला, "तिकडचं जेवण बरं आहे म्हणतो." मग टोपी घालून ट्रॉन्दुरकडे गेला. मंगळवारी सकाळी पाच जण दोर घेऊन वर गेले. मला वाटलं, अखेर त्याला माझी दया आली. मी आनंदात होते, होग्नी. हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

मी खिडकीत होते, दुर्बीण घेऊन. तो कपारीपासून दोन हात वर असताना नारिंगीच्या शेजारचं ते काळं उठलं, पंख उघडले, आणि समुद्रावर उडून गेलं. तेव्हाच मला कळलं. मी खिडकीवर हात आपटले, ओरडले, वर ओढा त्याला, वर ओढा. कुणाला ऐकू जाणार.

ट्रॉन्दुर सांगतो, तो कपारीत उभा राहून हसला. इतक्या मोठ्याने, की वर सगळे हसायला लागले. ओरडला, "वहिनीला सांगा, पाणकावळा आहे! मेल्याने सगळ्या बेटाला फसवलं!" वर येताना अर्ध्यात कडा सुटला. माझ्याजवळ आणलं तेव्हा श्वास होता. बोलला नाही.

तुझं पत्र त्याच्या खिशात मिळालं. तू येणार होतास हे मला तेव्हा समजलं. तुला मी काही म्हणत नाही. माझं मी काय करते, ते विचारू नकोस.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी टपालाने पाकीट आलं. फोटो छत्तीस आहेत. बत्तीस चोचीत मासे धरलेल्या लुंडींचे आहेत. म्हणजे संग्रहालयाचं खोटं नव्हतं, तेही तो करत होता. शेवटचे चार नेवावरचे. त्यातला एक सोबत पाठवते. माझ्याने घरात ठेववत नाही.

ती लेन्स टेबलावर आहे. समुद्रात टाकणार होते, टाकली नाही. खिडकीला पडदा लावला आहे. तुझे मोजे त्याच्या घरी दोरीवर होते, ते आणले.

आई

*

बोट्सफियोर
१२ सप्टेंबर १९९३

आई,

फोटो मिळाला. मुकादमाने परत कामावर घेतलंय, मी तो कारखान्याच्या मागे जाऊन उघडला.

काहीच हललेलं नाही. एकही बांगडी नाही. जाळ्याचा नारिंगी दोरा शेवाळात गुंफलाय, त्याच्या गाठीसुद्धा मोजता येतात. कुठल्या तरी ट्रॉलरने फेकलेलं जाळं असेल, असलं आम्ही इथे रोज फेकतो. घरट्यात तीन पिल्लं, चोची उघडून. आणि पाणकावळा सरळ लेन्सकडे बघतोय. त्याचा डोळा हिरवा असतो हे मला माहीत नव्हतं, आई. एवढे पाणकावळे पाहिले, पण कधी नव्हतं दिसलं. काचेच्या बाटलीसारखा हिरवा. काकांनी मिठाच्या खड्याचा डोळा बघायचा आहे म्हणून लिहिलं होतं. त्यांनी काढला तो, पण पाहिला नाही.

अर्काडीला फोटो दाखवला. त्याने टोपी काढली. म्हणाला, याच्याहून चांगला मला त्या लेन्सने कधी जमला नाही. मी त्याला बाकीचं काही सांगितलं नाही.

लेन्स टाकू नकोस. ट्रॉन्दुरच्या मुलीला दे, ती पक्ष्यांची चित्रं काढते. तिला सांग, आधी तासभर बाहेर ठेवायची. पडदा काढ. ते घरटं आता रिकामं असेल, बघितलंस तरी काही नाही.

काल वाड्सोला गेलो होतो. ती जपानी लेन्स अजून खिडकीत आहे, चिठ्ठीही तीच. मालकाने काचेतून हात केला. मी आत गेलो नाही.

मी इथून निघतोय. सॅन्डरची बोट नाही, दुसरी. तो वाटा मी घेतला नाही. कुठे जातोय ते पोचल्यावर लिहीन. घरी यायचं अजून जमत नाही मला, तू समजून घे.

बाबांचा दगड आता बसव. एकाच दगडावर दोन नावं घाल, आधी हानुस, खाली बायनिर. काकांच्या नावापुढे काही कोरू नकोस, त्यांना आवडलं नसतं. पण एक पक्षी काढायला सांग, पाणकावळा, आणि कोरणाऱ्याला हा फोटो दाखव. सोबत परत पाठवतोय. डोळा नीट कोरायला सांग, त्याचे जास्त मागितले तरी दे.

त्यासाठी बँकेतून पाठवतोय: अकरा हजार चारशे क्रोनर.